आधी हात, मग पट्टा

भाऊजी,

भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची सवय नव्हती. ताटातला आमटी-भात गार व्हायचा, हात वाळून जायचे, तरी तुमचा मुद्दा चालूच. आणि मीही माघार घेणाऱ्यातली नाही. गणिताच्या शिकवण्या घेणारी बाई मी, उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या दाखव म्हणणारी. आपली जुंपली की तुमचे दादा टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि आई म्हणायच्या, "दीर-भावजय कसली ही, दोन कोंबडे आहेत घरात."

मग हे एक भांडण मधेच सोडून कसे गेलात?

तुमचं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं हे आम्हाला सकाळी कळलं. मी पोळ्या करत होते. फोन दादांनी घेतला आणि ऐकता ऐकता ते जमिनीवरच बसले, तव्याजवळ, माझ्या पायाशी. समुद्रातल्या तेलाच्या रिगवर, तुम्ही होतात तिथे, एक कामगार वरून पडला होता. त्याला उजाडेपर्यंत ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून रात्रीच किनाऱ्यावर हलवायचं ठरलं आणि रिगवरचे डॉक्टर म्हणून तुम्ही त्याच्यासोबत निघालात. डॉक्टर कसले, नर्सिंग शिकलेले तुम्ही. पण समुद्रात सगळे तुम्हाला डॉक्टरसाहेब म्हणायचे आणि तुम्हीही काही फार विरोध करायचा नाहीत. हेलिकॉप्टर डेकवरून उठलं, दिव्यांच्या बाहेर गेलं आणि पाण्यात पडलं. फोनवरच्या माणसाने एवढंच सांगितलं. त्यालाही बहुधा तेवढंच ठाऊक होतं.

तो जखमी कामगार जिवंत मिळाला. दोन पायलटांपैकी एक जिवंत मिळाला, एकाचा देह मिळाला. हेलिकॉप्टरची शेपटीकडची बाजू वर काढली, बाकीचं खोल गेलं. तुम्ही तेवढे मिळाला नाहीत. बोटी फिरल्या, विमानं फिरली, पाणबुडे उतरले आणि एक दिवस शोध थांबवल्याचा फोन आला. फोन करणारा फार अदबीने बोलत होता. त्याच्या अदबीचा मला इतका राग आला की मी मधेच फोन ठेवला.

आई रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ते तरंगायचं जाकीट घातलेलं ना त्याने?"

घातलेलंच असणार. तुम्ही मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला लावणारे. हे आईंना पुरलं. "मग बरोबर. कोळ्यांच्या बोटी लांब लांब जातात. कुणीतरी उचललं असेल, गुजरातच्या बाजूला नेलं असेल. फोन गेला पाण्यात. नंबर त्याला पाठ आहेत का कुणाचे?" मी आठवून पाहिलं. खरंच तुम्हाला आमच्यातल्या कुणाचाही नंबर पाठ नव्हता. भाऊजी, तुम्हाला सांगते, एका दुपारी मीही या गोष्टीवर विश्वास ठेवला. अनोळखी नंबरचा फोन वाजला तेव्हा मी पिठाच्या हातानेच तो उचलला होता. कर्ज हवं का विचारत होते.

तुमची रिगवरची पुढची पाळी जवळ आली तशी आईंनी लाडू वळले. तुमची ती निळी बॅग काढली, झटकली, घड्या घातलेले कपडे भरले आणि लाडवांचा डबा वर ठेवला, नेहमीसारखा. मी दारात उभी राहून बघत होते. थांबवायचा धीर झाला नाही. हेलिकॉप्टरमध्ये चढायच्या आधी बॅगेचं आणि माणसाचंही वजन करतात, हे ज्ञान आमच्या घरात तुमच्यामुळे आलं. बॅग जास्त भरली की लाडू बाहेर, आणि मग तुम्ही तिथेच उभ्या उभ्या ते खाऊन टाकायचात. "पोटातल्या लाडवाला कोण विचारतं, वहिनी?" मी म्हणायचे, अहो, माणसाचंही वजन करतात ना, मग तो लाडू मोजला जाणारच. त्यावर तुमचं उत्तर तयार असायचं. "आधी माझं वजन देऊन येतो, मग खातो. त्यांचा काटा वेगळा, माझं डोकं वेगळं." आई पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या दिवशी बॅगेची चेन लावताना मात्र त्या मला म्हणाल्या, "जास्त नाही भरली ना गं?"

दादांचं दुसरंच. ते संध्याकाळी मोठागावच्या खाडीवर जाऊन उभे राहतात. तुम्हाला माहीत आहे, त्यांना खाडीचा वास सहन होत नाही. नाकाला रुमाल लावून उभे राहतात. एकदा मी सोबत गेले तर म्हणाले, "हे पाणी तिकडेच जातं ना?" मी म्हटलं, जातं. परतताना पुलाजवळ म्हणाले, "मला त्याला कुठेतरी पोचवू दे गं. असा रस्त्यात ठेवू नको."

म्हणून आम्ही गुरुजींना बोलावलं. गुरुजी आपल्या मागच्या गल्लीतले, तुमच्या मुंजीला होते तेच. ते म्हणाले, देह नसेल तर पळसाच्या पानांचा देह करतात. डोक्याच्या जागी नारळ, हातापायांना पानांचे देठ आणि दर्भ, अंगाला पानं, वरून दोऱ्याने बांधायचं आणि मग रीतसर अग्नी द्यायचा. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पळसाची पानं ना? पत्रावळी लावा गुरुजी, चार माणसं जेवू घाला." मला तुमचा आवाजसुद्धा ऐकू आला. मी एकदम हसले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पानं जाळली की माझा मंगू मेला, असंच ना?"

गुरुजी पंचांग चाळायला लागले.

"आणि बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, हेसुद्धा तुमच्याच पोथीत आहे ना?"

"आहे, आई. पण तो घर सोडून गेलेल्या माणसासाठी. इथे अपघात झालेला लोकांनी पाहिला आहे."

"अपघात पाहिला. त्याला नाही पाहिला." आई उठल्या. "मी बघते बारा वर्षं वाट."

दादा बोलायला गेले, "आई, बारा वर्षं तू तरी..." आणि जीभ चावून थांबले. त्या रागावल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या आणि तुमचं ताट घासायला घेतलं. ते ताट स्वच्छच होतं.

आई थांबायचं म्हणतात, दादा पोचवायचं म्हणतात, आणि घरात माणसं तीनच उरली आहेत. दोघं आपापलं मला सांगतात, एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्ही असतात तर एका वाक्यात दोघांना गप्प केलं असतं. माझ्याकडे ते वाक्य नव्हतं.

आता आपलं भांडण. मी विसरलेली नाही.

दर काही वर्षांनी तुम्हाला पाण्यातून सुटायचं प्रशिक्षण घ्यावं लागायचं. हेलिकॉप्टरसारखा एक पिंजरा, त्यात तुम्हाला बांधून बसवायचं, तलावात बुडवायचं आणि उलटं करायचं. तिथून पहिल्यांदा आलात तेव्हा तुमचे डोळे लाल झाले होते आणि उत्साह उतू जात होता. मी वाटाणे सोलत होते. तुम्ही मला जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसवलंत, माझ्याच ओढणीने कमरेला बांधलंत आणि म्हणालात, "वहिनी, डोळे मिटा. समजा आपण बुडालो. इंजिन वर असतं, म्हणून ते पाण्यात गेलं की उलटं होतं. आता तुम्ही उलट्या लटकताय, नाकात पाणी जातंय. पहिलं काय करणार?"

"पट्टा सोडणार," मी म्हटलं.

"मेलात."

"अहो, असं कसं?"

"पट्टा सोडला की पाणी तुम्हाला भिरकावतं. वर कुठे, खाली कुठे, काय कळत नाय. खिडकी हरवली की संपलं. आधी हात. हा हात खिडकीच्या कडेला धरायचा आणि गप बसायचं. घुसळायचं थांबेपर्यंत गप. मग खिडकी ढकलायची, मग दुसऱ्या हाताने पट्टा, आणि ज्या हाताने धरलंय त्याच्या जोरावर बाहेर." मग तुम्ही बोट वर करून म्हणालात, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आपल्या लोकांनी पहिलंच सांगून ठेवलंय."

मी म्हटलं, बुडणाऱ्या माणसाला गप्प बस म्हणणारा तुमचा तो मास्तर कधी बुडालेला दिसत नाही. बांधलेलं कुत्रंसुद्धा आधी दोरी तोडतं. आईंनी माझी बाजू घेतली. "ती बरोबर बोलते. तू आपला आधी पट्टा सोड बाबा." तुम्ही कपाळावर हात मारलात. मग तुम्ही माझी खुर्ची खरंच मागे कलती केलीत, मी किंचाळले, वाटाण्याचं ताट पडलं आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल तर ओढणीची गाठ ओढली. "बघा!" तुम्ही ओरडलात. "मेलात!" आपण तिघं सोफ्याखालून वाटाणे गोळा करत बसलो आणि तरीही मी हार मानली नाही. नंतर प्रत्येक सुट्टीत एकदा तरी तो विषय निघायचाच. मागच्या वेळी जाताना जिन्यातून तुम्ही ओरडलात, "वहिनी, आधी काय?" मी वरून म्हटलं, "पट्टा!" तुमचं हसू खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. आपलं शेवटचं बोलणं ते.

पुढच्या एका सुट्टीत, असंच हसणं ओसरल्यावर, तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितली होती. म्हणालात, दिवसा काय वाटत नाही, पण रात्री एकदा गेलेलो एका पेशंटला घेऊन. डेकचे दिवे मागे पडले की एकदम काळं. खाली पाणी, वर आभाळ, दोन्ही सेम टू सेम. आपण चढतोय की उतरतोय, पोटालाच कळत नाही. मी विचारलं, मग तुमचं आधीचं वर्तकनगरचं हॉस्पिटल काय वाईट होतं? घरून डबा जायचा, कोरड्या जमिनीवर नोकरी होती. तुम्ही म्हणालात, "तिकडे एका पेशंटमागे चार डॉक्टर असतात. इथे मी एकटाच आहे." तुम्ही ते बढाई म्हणून बोलला नाहीत. तुम्हाला त्याचं ओझं होतं आणि ते ओझं तुम्हाला आवडायचं. मला ते कळलं होतं, पण मी म्हटलं नाही.

मी बऱ्याच गोष्टी म्हटल्या नाहीत. माझं पोटातलं बाळ गेलं त्या दिवशी दादा नागपूरला होते आणि तुमची सुट्टी चालू होती. रिक्षात मला बसवून तुम्ही माझा हात समोरच्या दांड्यावर ठेवलात आणि म्हणालात, "हा दांडा सोडायचा नाही. मी सांगेपर्यंत दुसरं काहीच करायचं नाही." मानपाड्याच्या त्या खड्ड्यांतून मी तो दांडा धरून गेले. हॉस्पिटलात जे बोलायचं ते तुम्ही बोललात. घरी आल्यावर मऊ भात केलात, मेतकूट घातलंत, आईंना आधी तुम्ही सांगितलंत म्हणून मला सांगावं लागलं नाही. त्यानंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. कधीच नाही. मी उपकार म्हणून बोलले असते तर तुम्ही चेष्टेवारी नेलं असतं, म्हणून मी बोलले नाही. आज म्हणते. तुमच्यामुळे मी त्या दिवसातून बाहेर आले, भाऊजी. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

मग त्या कामगाराचा फोन आला. रामसुमेर त्याचं नाव. हॉस्पिटलमधूनच बोलत होता, पाय प्लास्टरमध्ये होता. त्याला आईंशीच बोलायचं होतं. दादांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघं भोवती बसलो.

"माई, हम तो स्ट्रेचर पे बंधे थे," तो म्हणाला. "पानी भर गया, सब उलटा हो गया. हम पट्टा नोचने लगे. तो डॉक्टरसाहब हमारे सीने पे हाथ धर के दबाए रहे. छटपटा रहे थे हम, मगर वो दबाए ही रहे. हमको लगा मार डालेंगे. फिर जब घूमना बंद हुआ ना माई, तब पट्टा खोले और हमको खिड़की की तरफ धक्का दिए."

घुसळायचं थांबेपर्यंत गप. त्या माणसाला तुमचं प्रशिक्षण नव्हतं, माझ्यासारखंच त्यानेही आधी पट्ट्याला हात घातला, आणि तुम्ही त्याला मरू दिलं नाहीत.

आईंनी विचारलं, "और उसका? उसका खुद का पट्टा?"



"मालूम नहीं, माई. अँधेरा था."

तो रडायला लागला. आईच त्याला म्हणाल्या, "रो मत बेटा. पाँव संभालो." आणि फोन बंद झाला.

मी तेव्हापासून एकच गणित मांडते आहे, भाऊजी. माणसाला हात दोन. एक खिडकीला, एक पट्ट्याला, असं तुम्हीच शिकवलंत. मग रामसुमेरच्या छातीवरचा हात कुठला? पट्ट्याचा असेल तर नंतर तो परत आला असेल. खिडकीचा असेल तर? मी इतकी वर्षं मुलांना शिकवते, पण हे मला सुटत नाही. आणि सुटू नये असंही वाटतं.

आईंना ते माझ्याआधी सुटलं. फोन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे कोळ्यांनी नाही उचललं त्याला. तो तिथेच आहे. बांधलेला." त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला. "असा बांधलेला बारा वर्षं कसा ठेवू मी त्याला?" मग दादांकडे वळल्या. खूप दिवसांनी त्या त्यांच्याकडे सरळ बघत होत्या. "गुरुजींना सांग. काय ती पानं आणायची ती आणा."

आणि तेव्हा आई रडल्या. दादांच्या खांद्यावर डोकं ठेवून, लहान मुलीसारख्या हुंदके देत. मी गॅस बंद करायच्या निमित्ताने आत गेले. गॅस चालू नव्हता.

टिटवाळ्याच्या मामांनी रानातून पळसाची पानं आणली. काल कल्याणला नदीकाठच्या स्मशानात विधी झाला. बायका येत नाहीत, असं कुणी म्हणालं. आई म्हणाल्या, "न येणाऱ्यांनी येऊ नये," आणि रिक्षात बसल्या. हे ऐकायला तुम्ही हवे होतात.

गुरुजींनी तुम्हाला केलं. हसू नका, छान केलं होतं. खांदे रुंद केले होते. शेवटी त्यांनी दोरा घेतला, पानांभोवती गुंडाळला आणि बरोबर कमरेवर गाठ मारली. आई इतका वेळ शांत होत्या. गाठ बसली तशा पुढे आल्या.

"हे कशाला बांधलंत?"

"नाहीतर पानं सुटी होतील, आई."

"होऊ देत."

"पण शास्त्राप्रमाणे..." गुरुजींनी दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, "करू दे तिला."

आई खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, मामांनी धरून बसवलं. त्या सरळ गाठीकडे गेल्या. दोन्ही हातांनी. आणि मी ओरडलेच, भाऊजी. सगळ्यांसमोर, स्मशानात.

"थांबा, आई! आधी हात!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. वाटाणे आठवले असणार. मी त्यांच्याजवळ बसले, तुमच्या हाताच्या जागी जे देठ बांधले होते ते उचलले आणि आईंच्या डाव्या हातात दिले. त्यांनी ते घट्ट धरले. आम्ही तशाच बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मागे कुणीतरी खोकलं, तरी आम्ही थांबलो, सगळं घुसळणं थांबेपर्यंत. तुम्हाला एक हात कमी पडला होता, तो तुमच्या आईंचा घ्या, एवढंच माझ्या मनात होतं.

मग मी म्हटलं, "आता."

आईंनी उजव्या हाताने गाठ ओढली. पहिल्यांदा निसटली. मी मदत केली नाही. दुसऱ्यांदा दोरा सैल झाला, पानं थोडी पसरली, आणि डाव्या हाताने आईंनी तुम्हाला हलकेच आपल्याकडे ओढून घेतलं.

तुम्ही जिंकलात, भाऊजी. आधी हात. मी लिहून देते, सगळ्यांसमोर म्हणते, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणते. आधी हात, मग पट्टा.

आईंनी देठ मुठीतून सोडले नव्हते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सुटला ना गं?"

मी म्हटलं, "सुटला, आई."

तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.